पिस्तूल ‘लॉक’ होत नाही, बार अडतो

प्रश्न असा आहे: ‘नेमबाजीवरच्या एका इंग्रजी लेखाचे मराठी करतो आहे. विषय अर्धस्वयंचलित पिस्तुलांच्या रिलायबिलिटीचा. तिला विश्वासार्हता म्हणावे की विश्वसनीयता? आणि पिस्तूल ऐन वेळी चालले नाही तर लॉक झाले लिहू की जॅम झाले?’

‘लॉक झाले’ कृपा करून लिहू नका. गुन्हेवार्तांमध्ये हे वाक्य इतक्यांदा वाचले आहे की आता डोळ्यांना खुपते: हल्लेखोराचे पिस्तूल लॉक झाले म्हणून अमुक बचावला. पिस्तुलाच्या यंत्रात लॉक होणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. अमेरिकी शस्त्रकार जॉन ब्राउनिंगच्या पद्धतीच्या पिस्तुलात चाप ओढला जातो त्या क्षणी नळी आणि स्लाइड (नळीवर मागेपुढे सरकणारा पिस्तुलाचा वरचा भाग) एकमेकींत अडकलेल्याच असतात, असाव्याच लागतात. गोळी नळीबाहेर पडून आतला दाब उतरेपर्यंत दोघी जोडीने थोड्या मागे येतात, मग नळीची मागची बाजू खाली झुकते, जोड सुटतो आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. मॅगझिनमधली, म्हणजे काडतुसांच्या डबीतली, शेवटची गोळी उडाली की बहुतेक पिस्तुलांची स्लाइड मागे अडकून उघडी राहते, म्हणजे हत्यार रिकामे झाल्याचे तेच सांगते. दोन्ही ठिकाणी लॉक झाले म्हणजे सगळे ठीक चालले आहे. बिघाडालाही तोच शब्द वापरला तर तुमच्या लेखातली निम्मी वाक्ये उलट्या अर्थाची होतील. ‘जॅम’ चालेल. ‘अडले’ त्याहून बरे.

आता विश्वासार्हता. परिभाषा घडवणाऱ्यांनी रिलायबिलिटीला ‘विश्वसनीयता’ ठरवून टाकले आणि तेव्हापासून पंपापासून पिस्तुलापर्यंत सगळी यंत्रे विश्वसनीय झाली. मला हे मान्य नाही. विश्वास साक्षीदारावर असतो, बातमीवर असतो, माणसावर असतो. जो खोटे बोलू शकतो किंवा घात करू शकतो त्याच्याबाबत विश्वासाचा प्रश्न येतो. पिस्तूल खोटे बोलत नाही. ते चालते किंवा चालत नाही. त्यासाठी मराठीत भरवसा हा शब्द आहे आणि त्याची कसोटी म्हणीतच आहे: भरवशाच्या म्हशीला टोणगा. म्हशीने कुणाचा विश्वासघात केलेला नाही. तिच्याकडून जे व्हावे असे धरून चालले होते ते झाले नाही, इतकेच. रिलायबिलिटी म्हणजे नेमके हे. ‘विश्वसनीय म्हशीला टोणगा’ म्हणून बघा, जिभेला लगेच कळते.

भरवशाची व्युत्पत्ती ‘वर + आशा’ अशी सांगितली जाते. ती मला साफ अमान्य आहे. हिंदीत ‘व’चा ‘ब’ होतो हे खरे, पण ‘भ’ कशाने झाला? आणि मराठीत तर वर, वाट, वीज यांचा ‘व’ जसाच्या तसा टिकला आहे. मग याच एका शब्दात तो का बिघडावा? दुसरे काही जण ‘भरवशाचा’ या रूपातला ‘श’ पाहून आत ‘वश’ शोधतात. तेही पोकळ आहे. पैसा–पैशाचा, ससा–सशाचा, तसेच भरवसा–भरवशाचा. हा ‘श’ सामान्यरूपाने आणलेला आहे, मुळातला नाही. शेपटाचे काय ते पुढे बघता येईल, पण डोके स्पष्ट दिसते आहे. ते ‘भर’ आहे, म्हणजे वजन, भार. ज्याच्यावर भार टाकून आपण मोकळे होतो, त्याचा भरवसा. हे माझे मत आहे आणि मी ते सोडणार नाही, कारण याच भाराचा फारसी भाऊ मराठी बंदुकीत ठासून बसला आहे.

तो भाऊ म्हणजे ‘बार’. फारसीत बार म्हणजे ओझे. संस्कृत ‘भृ’, त्यापासून भार. इराणी बाजूला त्याच मुळापासून बार. बारदान म्हणजे माल भरण्याचे साधन, बारगीर म्हणजे ओझे घेणारा. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला हे नाव मिळाले, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. (दरबारातला बार वेगळा, त्याला यात ओढू नये.) ठासणीच्या बंदुकीत दारू, गोळी आणि बोळा घालून गजाने ठासायचे, ते बंदुकीचे ओझे. म्हणून बार भरणे. ते ओझे उडाले की झालेला आवाजही बार. मग सुरुंगाचा बार, दिवाळीतला बार, फुसका बार, आणि घरात एकदाचे ठरले की लग्नाचा बार उडवून टाकणे.

काही जाणकार ‘बार’ला ध्वन्यनुकारी मानतात: धाड, धूम, तसा बार. त्यांनी तंबाखू खाणाऱ्यांकडे बघितलेले दिसत नाही. तळहातावर चुना लावून मळलेला तंबाखू गालात ठेवतात, त्यालाही आपण बार भरणेच म्हणतो आणि त्या बाराचा कसलाही आवाज होत नाही. शिवाय क्रियापदांचा क्रम पाहावा. आधी बार भरतात, नंतर तो उडतो. आवाजाचे नाव आवाजाच्या आधी कसे भरता येईल? ओझे हाच मूळ अर्थ आहे, आवाज मागाहून चिकटला.

काडतूस ही या कथेची पुढची पायरी. पोर्तुगीज ‘कार्तुशो’ म्हणजे कागदाची सुरळी. सुटी दारू ओतण्याऐवजी मोजून कागदात बांधलेला बार, ते काडतूस. आज कागद जाऊन पितळी पुंगळी आली, बुडाशी ठिणगी देणारी टोपी आली, पण आत बारच आहे.

आणि इथे तुमच्या लेखाचा विषय मला फार आवडतो, कारण अर्धस्वयंचलित पिस्तुलात एका बाराला दोन ओझी वाहावी लागतात. गोळी पुढे फेकायची आणि त्याच धक्क्याने पुढचा बार भरून द्यायचा. धक्क्याने स्लाइड मागे जाते, आकडा रिकामी पुंगळी खेचून आणतो, ती आत बसवलेल्या खुंटीवर आपटून बाहेर उडते, दबलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि जाता जाता स्लाइड मॅगझिनमधले वरचे काडतूस नळीच्या घरात सारते. या साखळीची एक कडी कमजोर असली की पिस्तूल अडते. रिव्हॉल्व्हरचे तसे नाही. तिथे एक बार फुसका निघाला तर पुन्हा चाप ओढावा, चाक फिरून पुढचे काडतूस समोर येते. रिव्हॉल्व्हरची सगळी मदार त्या फिरण्यावर आहे, आणि अरबीत मदार म्हणजेच फिरण्याचा आस. पिस्तुलात मात्र फुसक्या बारामागे पुढचाही अडतो, तो हाताने स्लाइड ओढूनच मोकळा करावा लागतो.

म्हणून भरवसा ठरतो तो असा. काडतुसात दारू कमी जोराची असेल तर स्लाइड पुरती मागे जात नाही, पुंगळी वेळेत निसटत नाही आणि बाहेर पडण्याच्या तोंडात उभी अडकते. सादळलेल्या फटाक्याचे जे होते ते सादळलेल्या बाराचेही होते. मॅगझिनच्या वरच्या कडा वाकल्या किंवा स्प्रिंग मलूल झाली तर काडतूस तिरके चढते. अनुभवी माणसे पिस्तूल अडले की आधी मॅगझिन बदलून बघतात ते याचसाठी. (मॅगझिन आणि आपला खजिना एकाच अरबी धातूचे, साठवणे या अर्थाचे. मासिकालाही तेच नाव मिळाले ते लेखांचे कोठार म्हणून.) तेल अजिबात नसले तर घर्षण वाढते, भसाभसा असले तर त्यात जळक्या दारूचा मळ आणि धूळ बसून चिखल होतो.

आणि शेवटची कडी हाताची. मनगट ढिले धरले तर स्लाइडबरोबर सगळे पिस्तूलच मागे येते. स्लाइडला मागे सरकायला जो खंबीर टेका लागतो तो मिळत नाही आणि चांगले तेल दिलेले, नवेकोरे पिस्तूलही अडते. हाताने भर दिला तरच यंत्र भार वाहते. भरवशातला ‘भर’ मी उगाच धरून बसलेलो नाही.

भरवसा कसा मोजतात याचे नमुनेदार उदाहरण अमेरिकी सैन्याने मार्च १९११ मध्ये घालून दिले. जॉन ब्राउनिंगने आखलेले कोल्ट आणि सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल समोरासमोर ठेवले आणि प्रत्येकातून ६००० गोळ्या झाडल्या. तापले की पाण्यात बुडवून गार करायचे आणि पुन्हा सुरू. सॅव्हेजमध्ये ३७ वेळा बिघाड नोंदला गेला, कोल्टमध्ये एकदाही नाही. त्याच महिन्यात सैन्याने कोल्ट स्वीकारले. या मोजणीत विश्वास कुठे आहे? ६००० बारांपैकी किती उडाले, एवढाच हिशेब आहे.

तुमचा लेख नेमबाजीचा आहे, तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले, त्यात .२२ इंच व्यासाची काडतुसे असतात. त्यांना मधोमध टोपी नसते, ठिणगीचे मिश्रण बुडाच्या कडेत फिरवलेले असते. ते एखाद्या जागी कमी पसरले आणि आघात तिथेच झाला तर बार उडत नाही, पिस्तुलाचा त्यात काहीच दोष नसतो. स्पर्धेचे नियमही हा भेद करतात. काडतूस किंवा यंत्र चुकले तर नेमबाजाला त्याची भरपाई मिळते. पण सेफ्टी (चाप रोखून धरणारी कळ) काढायची राहिली किंवा काडतुसेच कमी भरली, तर मिळत नाही.

या दोन प्रसंगांना भाषांतरात वेगळे शब्द द्या. पहिल्याला ‘बार अडला’, दुसऱ्याला ‘नेमबाज चुकला’. आणि हो, ‘घोडा दाबला’ असेही कुठे लिहू नका. घोडा, म्हणजे मागचा हातोडा, चढवतात; ओढतात तो चाप.