रुमाल आणि मांजर

प्रश्न : न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गोवळकोंड्याचं एक कलमकारी कापड आहे, १६४०-५०च्या सुमाराचं. पाटीवर त्याला 'रुमाल' म्हटलंय. एवढ्या नक्षीदार कापडाला रुमाल? काही घोळ आहे का? आणि 'कलमकारी प्रिंट' म्हणणं बरोबर का?

उत्तर : शेवटचं आधी, कारण डोकं तिथंच तापतं. 'कलमकारी प्रिंट' म्हणजे 'हस्तलिखित छापील पोथी'. कलम ही बांबूची अणकुचीदार काडी, कारी म्हणजे काम. आणि गंमत अशी की लाल रंग त्या कलमातून उतरतच नाही! कलमानं लावतात ते तुरटीचं पाणी. मग कापड रंगाच्या मुळ्यांबरोबर उकळलं, की तुरटी लागली असेल तिथंच लाल पक्का धरतो. (इस्फहानवाले लाकडी ठशांनी छापून त्यालाही 'कलमकार'च म्हणतात. त्यांच्यापुढे मी हात टेकले.)

आता रुमाल. नाक पुसायचा अर्थ बाजूला ठेवा. फारसीत 'रू' म्हणजे चेहरा, 'रूबरू'तला. 'माल' आला 'मालीदन'वरून, म्हणजे चोळणं, पुसणं. मालिश त्यातलीच, आणि ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो तो मलिदाही. इथं एक विद्वान नेहमी मध्ये पडतात : 'हे तर आपलं मर्दन!' अहो, नाही. नुसता कानाला सारखा लागला म्हणून शब्द सोयरा होत नाही. फारसीतला हा 'ल' अवेस्तातल्या, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथातल्या, 'मर्ज़्'कडे नेतो, आणि त्याचा संस्कृत भाऊ 'मृज्', पुसणं. त्यातून मार्जन, त्यातून संमार्जनी म्हणजे केरसुणी. आणि त्यातूनच मार्जार, सदा अंग पुसत बसणारा! मार्जाराचं मांजर झालं. म्हणजे रुमाल आणि मांजर चुलत भावंडं. 'मार्जार'च्या या व्युत्पत्तीला काही भाषाशास्त्रज्ञ नाकं मुरडतात. मुरडोत. त्यांनी मांजर पाळलेलं नसावं.

हां, पाटी. पाटी बरोबर आहे. असे रुमाल नजराण्यावर झाकण म्हणून घालत असावेत. आपल्याकडे रुखवताच्या ताटावर क्रोशाचा रुमाल असतो, त्यानं कुणी नाक पुसतं का? आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात तर कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे 'रुमाल' म्हणूनच मोजतात.