साइट आपली, वापरणारे दुसरे : वेबसाइटविषयी प्रश्नोत्तरे

पत्रं निरनिराळी असली तरी गोंधळ एकच असतो : वेबसाइट केली, पैसे गेले, तरी लोक फोन करूनच विचारतात. साइटवर उत्तर सापडत नाही म्हणूनच ते फोन करतात.

प्रश्न : आमचं राजेंद्रनगरला मंगल कार्यालय आहे. पहिल्या पानावर आपोआप सरकणारे सहा फोटो ठेवावेत का?

नको. एक चांगला फोटो, पत्ता, किती माणसांची पंगत बसते ते, आणि बोट लावताच फोन लागेल असा नंबर ठेवा.

प्रश्न : क्लासमध्ये शिकवलं की कुठलीही माहिती तीन क्लिकच्या आत मिळाली पाहिजे, नाहीतर माणूस साइट सोडतो. खरं का?

नाही. ही ऐकीव गोष्ट आहे. वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या जोशुआ पोर्टर यांनी २००३ मध्ये ती तपासून पाहिली, तेव्हा तिसऱ्या क्लिकनंतर लोक सोडून जातात असं काही दिसलं नाही. आपण बरोबर वाटेवर आहोत हे कळत असेल तर माणूस पाचव्या क्लिकपर्यंतही जातो. 'अधिक', 'इतर', 'सेवा' असली मोघम नावं असतील तर पहिल्याच क्लिकला अडतो.

प्रश्न : आमच्या संगीत विद्यालयाच्या साइटचं पाडव्याला उद्घाटन आहे. प्रवेशाचा फॉर्म भरताना त्रास झाल्याचं एका पालकांनी सांगितलं. डिझायनर म्हणतात, आधी सुरू करू, तक्रारी आल्या की बदलू. थांबावं का?

थांबा. 'आधी सुरू करू' हे वाक्य ऐकून ऐकून मी थकले आहे. ज्याला फॉर्म जमत नाही तो तक्रार करत नाही, गुपचूप निघून जातो. तुमच्याकडे एक पालक बोलले, हे तुमचं नशीब.

अशाच एका संस्थेच्या फॉर्मपाशी मी रामबागेतल्या एका आजींना बसवलं होतं. दुपारची वेळ, ओसरीत ऊन. रकान्याच्या आतच फिकट राखाडी अक्षरांत 'जन्मतारीख' लिहिलेलं. आजींनी बोट लावलं, दोन आकडे टाइप केले, अक्षरं नाहीशी झाली. चष्मा वर सारून मला म्हणाल्या, "इथे काय मागितलं होतं गं?" मग त्यांनी ५-८-५२ लिहिलं. साइटला ०५/०८/१९५२ हवं होतं. बटण दाबल्यावर वर कुठेतरी लाल ओळ आली, 'माहिती चुकीची आहे', आणि खालचा सगळा फॉर्म कोरा झाला. आजी म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल."

त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. रकान्याचं नाव रकान्याच्या बाहेर, कायम दिसेल असं हवं. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांतला काँट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, निदान ४.५ : १ हवा. डब्ल्यूसीएजी, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष, यांच्या एए या मधल्या पातळीला साध्या मजकुरासाठी हेच प्रमाण लागतं. ते मोजण्याची साधनं फुकट मिळतात, तरी 'राखाडी रंग मॉडर्न दिसतो' हे ऐकावं लागतंच. चूक झाली तर त्याच रकान्याखाली सांगा, काय लिहायचं तेही सांगा, आणि भरलेली माहिती पुसू नका.

पाडव्याआधी पाच माणसं बसवा. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्येच लिहून ठेवलं आहे की पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी समोर येतात. त्यांत एखादी आजी हवी, एखादा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाराही हवा. फोन त्यांच्या हातात द्या, "मुलाचं नाव नोंदवा" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. शिकवायला गेलात की चाचणी संपली. दुरुस्ती करून पुन्हा बसवा, आणि सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता येण्याच्या, जाणकाराला एकदा साइट दाखवल्याशिवाय तारीख जाहीर करू नका.

प्रश्न : आम्ही माहेश्वरी साड्या विकतो. एजन्सी म्हणते, 'फक्त २ उरल्या' आणि उलट मोजणारं घड्याळ लावा, विक्री वाढते. लावावं का?

दोनच उरल्या असतील तर जरूर लिहा. कपाटात चाळीस असताना लिहाल तर ती फसवणूक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतल्या तेरा प्रकारांत खोटी घाई आहे आणि गिऱ्हाइकाला न विचारता टोपलीत वस्तू घालणंही आहे. एजन्सी पैसे घेऊन मोकळी होईल, नोटीस दुकानाच्या नावाने येईल. आधीच काही लावलं असेल तर काढा आणि वकिलांना विचारा.

प्रश्न : मंडळाची माहिती जुन्या मराठी फाँटमध्ये आहे. पानांचे फोटो काढून टाकले तर चालेल ना?

चालणार नाही. फोटोतली अक्षरं स्क्रीन रीडर धड वाचत नाही, शोधात नीट सापडत नाहीत आणि मोबाइलवर मोठी केली की फुटतात. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या प्रमाणित संकेतात, आणा. कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार बिघडवतात, म्हणून मुद्रितशोधन जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

प्रश्न : मोबाइलवर बटण केवढं असावं?

ॲपल निदान ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी; पॉइंट आणि डीपी ही पडद्यावर मोजायची एककं आहेत. शेजारच्या बटणापासून मोकळी जागा सोडा, आणि माप पक्कं करण्याआधी जाड अंगठ्याच्या एखाद्या काकांना ते दाबायला सांगा.