नवख्याचा पहिला अर्धा तास

प्रिय मित्रा,

तुझ्या नव्या गेमचा बिल्ड, म्हणजे चाचणीचा नमुना, दोन रात्री खेळलो. सहा विरुद्ध सहा. त्यातला एक कमांडर वरून नकाशा बघणार आणि बाकीचे पाच बंदुका घेऊन त्याच्या हुकमावर पळणार. कल्पना झकास आहे, मला अजूनही अशा खेळांचा मोह सुटत नाही. तू विचारलंयस की यांचं एवढं कौतुक होतं आणि तरी सर्व्हर ओस का पडतात. आणि पुढच्याच ओळीत तूच उत्तर दिलंयस : "फार अवघड असतात म्हणून." ते मला पटलेलं नाही.

अवघड तर डोटा २ हा ऑनलाइन गेम पण आहे. शंभरावर हिरो, प्रत्येकाच्या चाली वेगळ्या. तरी तुमच्या कोपरखैरण्यातली पोरं परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा तो सोडत नाहीत. म्हणजे अवघडपणाला लोक भीत नाहीत. भीती वेगळीच असते.

२००२ मध्ये हाफ-लाइफ या गेमवर 'नॅचरल सिलेक्शन' नावाचा मॉड आला, म्हणजे जुन्या गेममध्ये बदल करून बनवलेला नवा खेळ. एका बाजूला सैनिक, दुसरीकडे भिंतींवरून सरपटत येणारे एलियन, आणि सैनिकांचा एक कमांडर. तुझ्या खेळाचा आजोबाच म्हण. तेव्हा मी संध्याकाळी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका सायबर कॅफेच्या गल्ल्यावर बसायचो. पोरं काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम खेळायला यायची आणि मी हट्टाने सगळ्या मशिनवर हा मॉड टाकला. पहिल्याच संध्याकाळी एक नवीन मुलगा चुकून खेळातल्या कमांडरच्या खुर्चीत शिरला. एकदम वरून नकाशा दिसायला लागल्यावर त्याला वाटलं, गेम बिघडला. गोळ्या संपल्या, कमांडरने पाठवाव्यात म्हणून बाकीचे बोंबलतायत आणि हा बाहेर पडायचं बटण शोधतोय. दहा मिनिटांत अख्ख्या कॅफेला त्याचं नाव पाठ झालं. तो नंतरही यायचा, पण काउंटर-स्ट्राइकपुरता. तिथे तो पहिल्या झटक्यात मेला तरी दोन-तीन मिनिटांत नवा राउंड सुरू, मागचं कोणी उगाळत नाही.

या खेळांचं दुखणं मला तिथे कळलं. ते नवख्याला तयार होण्याआधीच महत्त्वाच्या जागी उभा करतात. मग त्याचं शिकणं इतर पाच जणांच्या खिशातून होतं, आणि ते पाच जण तसं बोलून दाखवतात.

वर्तकनगरची हंडी तू पाहिलीच असशील. २०१२ साली तिथे जय जवान पथकाने नऊ थर लावले, ४३.७९ फूट, गिनेसमध्ये नोंद झाली. पण पथकात काल आलेल्या पोराला कोणी चौथ्या थरावर चढवत नाही. बऱ्याच पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो, आणि नवा मुलगा आधी खाली, गर्दीत, रेटा द्यायला उभा राहतो. तो थोडा हलला तरी मनोरा कोसळत नाही, आणि तरीही हंडी फुटली की तो सगळ्यांइतकाच भिजलेला असतो. तुझ्या खेळात ही खालची जागाच नाही.

नॅचरल सिलेक्शनच्या लोकांनाही हे दिसत होतं. बरोबर दहा वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०१२ ला, दुसरा भाग आला. त्यात नवख्यांची नावं हिरव्या रंगात दाखवली, म्हणजे जुन्यांनी सांभाळून घ्यावं. हेतू चांगला, पण सामना अटीतटीचा असला की हिरवं नाव बघून खापर कुणावर फोडायचं तेही लगेच ठरतं. दुसरं म्हणजे रिसोर्सच्या, म्हणजे खेळातली साधनं मिळायच्या, जागा ज्याच्या हातात, त्याची हत्यारं आधी सुधारतात. त्यामुळे निकाल बरेचदा लवकर दिसतो आणि सामना मात्र रेंगाळत राहतो. त्यासाठी हार मान्य करायचं मतदान ठेवावं लागलं. त्याच स्टुडिओने २०१८ मध्ये 'सबनॉटिका' पूर्ण केला. तोही काही सोपा नाही, पण एकट्याचा. तुम्ही पाण्यात गुदमरून मेलात तर कोणाचंच काही बिघडत नाही. तो प्रचंड चालला. (मला स्वतःला खोल पाण्याची भीती वाटते, ते सोड.)

आता आकडे मांड. समज, तुझ्या खेळावर रात्री जगभरात सहाशे माणसं आहेत. आपल्याकडच्या सर्व्हरला बरा पिंग मिळणारी, म्हणजे खेळ न अडखळता चालणारी, साठ. त्यातली चाळीस आधीच सामन्यात, आणि तुझा सामना चाळीस मिनिटांचा. उरली वीस. त्यातून बारा जण निवडताना तू कसली पातळी जुळवणार? हजार तास खेळलेला आणि आज डाउनलोड केलेला समोरासमोर येणारच. नवा पळतो, वीसचे अठरा होतात, पुढचा सामना आणखी एकतर्फी. डोटाला हा हिशोब करावा लागत नाही, कारण त्याच्याकडे माणसंच अफाट आहेत. तुझ्याकडे नसतील, हे धरूनच डिझाइन कर.

मी ज्या कंपनीत होतो तिथे आम्ही यावर पाऊण तासाचं ट्युटोरियल बनवलं. बटणं, इमारती, सगळं शिकवलं. पोरं ते पूर्ण करायची, पहिल्या सामन्यात शिव्या खायची आणि जायची. माझीच कल्पना होती ती, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणाला देत नाही.

तू आधी एवढं कर : कमांडरची खुर्ची रिकामी राहिली तरी सामना चालला पाहिजे, थोडा लंगडत का होईना. वाईट केलं तरी उपयोगाचं ठरेल असं एक काम ठेव. गोळ्या पोचवणं, दार धरून बसणं, काहीही. पहिले काही सामने बॉट्सबरोबर, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेल्या खेळाडूंबरोबर, होऊ देत. आणि सर्व्हर चोवीस तास उघडा ठेवायचा मोह आवर. रोज रात्री ९ ते ११ एवढाच ठेव. तलावपाळीवर माणसं भेटतात ती ठरलेल्या वेळेला येतात म्हणून. पहाटे चारला तिथेही कोणी नसतं. बाकी हत्यारांचं बॅलन्स वगैरे नंतर बघू, त्याने कोणी सोडून जात नाही.

रविवारी ट्रान्स हार्बरने ठाण्याला येशील तेव्हा बिल्ड घेऊन ये. आमच्या सोसायटीतली दोन मुलं सांगून ठेवलीत, दोघांनी असलं काही कधी खेळलेलं नाही. ती खेळतील आणि तू मागे खुर्ची टाकून बसायचं, वही घेऊन. "अरे, ते बटण नाही" असं एकदाही म्हणायचं नाही. चहा मी करतो.

तुझा,
काका