बँकेच्या लिलावात फ्लॅट घेतला, जुने मालक घर सोडत नाहीत. कुलूप बदलू का?

नका बदलू. लाईट तोडायला लावू नका, चार माणसं घेऊन दारातही जाऊ नका. सेल सर्टिफिकेट (बँकेने दिलेला विक्रीचा दाखला) तुमच्या नावाचं असलं तरी ताबा त्यांचा आहे. जबरदस्तीने काढलंत तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ते सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतात, आणि त्या दाव्यात मालक कोण हे कोर्ट बघतच नाही.

लिलावाची जाहिरात पुन्हा काढा. ताबा 'प्रत्यक्ष' लिहिलाय की 'सांकेतिक'? माझा पिंपरीतला फ्लॅट सांकेतिकवाला होता. म्हणजे बँकेने दारावर नोटीस डकवली होती, बस. तो इतका स्वस्त का, हे त्या एका शब्दात लिहिलेलं होतं. मी आकडाच बघत बसलो.

घर खाली करून देणं हे बँकेचं काम. सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जापोटी बँकेला तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) कलम १४ खाली तिने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. आदेशाला ३० दिवस, फार तर ६० अशी मुदत कायद्यात आहे; मला प्रत्यक्षात सात महिने लागले. आमच्या बँकेचे अधिकारी म्हणाले, "विक्री झाली, आता तुमचं तुम्ही बघा." तसं नसतं. विक्रीनंतरही बँक हा अर्ज करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ब्लू कोस्ट हॉटेल्सच्या निकालात म्हटलंय. तो निकाल जोडून लेखी पत्र दिलं, पोच घेतली, तेव्हा फाईल हलली. जुन्या मालकांनी डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) दावा टाकलाय का, स्थगिती आहे का, हेही त्याच पत्रात विचारा. आत भाडेकरू असेल तर मात्र आधी वकील गाठा, ते प्रकरण वेगळं.

आदेशानंतर तहसीलदारांची ताब्याच्या तारखेची नोटीस लागली आणि जुन्या मालकांचाच फोन आला. मुलीची बारावीची परीक्षा होईपर्यंत थांबाल का? आम्ही तीन आठवडे थांबलो, बँकेमार्फत लेखी घेऊन. टेम्पोचं भाडंही मी दिलं. बायको चिडली होती, पण कोर्टाच्या खेट्यांपेक्षा ते स्वस्तच पडलं. चावी त्यांच्या हातून घेतली नाही. त्यांनी ती बँकेच्या अधिकाऱ्याला दिली, पंचनामा झाला, मग माझ्याकडे आली. तुम्हीही हाच क्रम ठेवा.

सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स आणि महावितरणचं जुनं बिल आत्ताच काढून बघा. 'जसे आहे, जिथे आहे' या अटीवर घेतलंय ना? माझ्याकडे ते दोन्ही माझ्याच गळ्यात पडलं.