गावात जुनं फायबर बंद करून दुसऱ्या कंपनीचं घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: दिग्रसजवळच्या गावात घरी तीन वर्षांपासून लोकल केबलवाल्याचं फायबर आहे, आठवड्यातून दोनदा बंद पडतं. आता दुसरी कंपनी वायर ओढतेय, तर बदलावं का, आणि जुनं आधी बंद करावं की नंतर?

बदला, पण जुनं नंतर बंद करा. आणि त्याच्याही आधी एक आकडा मोजून घ्या.

मी शेजारच्या दारव्हा तालुक्यातला. मागच्या वर्षी यातूनच गेलो. बायको पुण्याच्या एका ऑफिसचं हिशेबाचं काम घरून करते, त्यामुळे आमच्याकडे नेट गेलं की आधी तिचा आवाज येतो, मग राउटरचा लाल दिवा दिसतो. जुन्या ऑपरेटरला फोन केला की ठरलेलं उत्तर, "भाऊ, एकदा बंद करून चालू करून पाह्यजा न."

तर तो दिवा नीट पाहा. डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर वायरमधून उजेडच येत नाहीये (फायबरमध्ये नेट उजेडावरच चालतं), दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. तो विझलेला आहे, पीओएनचा दिवा (ऑपरेटरच्या मशीनशी जोडणी झाल्याचा) स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर वायर बहुतेक ठीक असते. मग राउटर बंद-चालू करून पाहायला हरकत नाही. त्यानेही नाही आलं तर घोळ ऑपरेटरच्या मशीनमध्ये किंवा त्याच्याही पुढे असतो.

आमच्याकडे शेवटी एक पोरगा पॉवर मीटर, म्हणजे वायरमधला उजेड मोजायचं यंत्र, घेऊन आला. वायर काढून मीटरला लावली, आकडा आला उणे 29 डीबीएम (उजेड मोजायचं माप). घरच्या डब्याला साधारण उणे 8 ते उणे 27 च्या मधला उजेड लागतो. आकडा 3 ने खाली गेला की उजेड निम्मा होतो. म्हणजे उणे 20 मिळायला हवा तिथे उणे 29 असेल तर आठवा हिस्साच पोचतोय. त्याच्यासोबत वायरीमागे चालत गेलो. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला एक जोड लटकत होता, काळी टेप गुंडाळलेला, आत पाणी. कुटाराची ट्रॉली खालून गेली की वायर ताणली जायची आणि वानरं तर तिला झोकाच समजतात. पोरगा म्हणाला, "हा जोड म्या नाही मारला." कोणीच मारला नव्हता बहुतेक, तो आपोआप उगवला होता.

म्हणून आधी तुमच्या ऑपरेटरकडून आकडा मोजून घ्या आणि खांबापासून घरापर्यंत बिनजोडाची नवी वायर मागा. कधी कधी तेवढ्यावरच काम भागतं. आमच्याकडे त्याने नुसता जोड नवा मारला, पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा लाल दिवा. मग बदललं.

नवी कंपनी निवडताना जाहिरातीतला स्पीड मी सगळ्यात शेवटी पाहिला. घरच्या एका व्हिडिओ कॉलला 3-4 एमबीपीएस पुरतात, 30 चा प्लॅनही स्थिर चालला तर घर सुखी. खरं विचारायचं ते खांबावर चढणाऱ्या माणसाला. तो राहतो कुठे? वायर तुटली तर त्याच दिवशी येतो का? गावाला लाइन देणारी मशीन, जिला ते ओएलटी म्हणतात, कुठे ठेवलीय आणि तिला बॅटरी आहे का? लाइट गेली की तुमच्या इन्व्हर्टरवर राउटर चालतो, पण ओएलटी झोपली तर त्याचा उपयोग शून्य. आणि तालुक्याहून मेन लाइन कोणत्या रस्त्याने येते?

हा शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. नवं लावल्यावर जुनंही महिनाभर चालू ठेवलं होतं, की एक गेलं तर दुसरं आहे. तिसऱ्या आठवड्यात पाण्याच्या पाइपलाइनसाठी जेसीबी आला आणि दोन्ही एका मिनिटात बंद. दोघांचीही केबल एकाच रस्त्याच्या कडेने येत होती! त्या दिवशी बायकोने काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढलं. आता बॅकअप म्हणून तेच ठेवलंय. गावात 5जी नीट येत असेल तर एअरफायबरही पाहा, ते नेट मोबाइल टॉवरवरून येतं, त्याला गावातली वायर लागत नाही. मात्र घर आणि टॉवरच्या मधे सागाची दाट झाडी असेल तर पैसे भरण्याआधी छतावर चढून मोबाइलवर स्पीड तपासा, तोही रात्री आठ-नऊला, जेव्हा सगळं गाव व्हिडिओ पाहतं.

तरी ते जास्तीच्या महिन्याचे पैसे वाया गेले असं मला वाटत नाही. नवं कनेक्शन पहिले आठ दिवस सगळ्यांचंच छान चालतं. वादळ-पाऊस येऊन जाऊ द्या, मग जुनं तोडा. मोबाइलचं नंबर तोच ठेवून पोर्ट करणं 2011 पासून देशभर सुरू आहे, घरच्या ब्रॉडबँडला तशी सोय नाही. नवं घेणं आणि जुनं बंद करणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत, मधे खड्डा पडला तर तो तुमचा.

पैशाचं थोडक्यात. प्लॅनच्या आकड्यावर 18 टक्के जीएसटी धरा, 499 चा प्लॅन 589 ला पडतो. वर्षभराचे एकदम भरू नका, दोन महिने फुकट देतो म्हणाला तरी. मी जुन्याला सहा महिन्यांचे भरून बसलो होतो, उरलेल्या तीन महिन्यांचं काय विचारलं तर "पाहू" म्हणाले, अजून पाहतच आहेत. तक्रार केली तर तिचा नंबर लिहून ठेवा. कंपनी ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जुना डबा त्यांचा असेल तर परत देताना सीरियल नंबरचा फोटो काढा आणि कागदावर सही घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी डब्याचे पैसे मागायला माणूस येतो.

आणि एक सोपी युक्ती: जुनं तोडल्यावर नव्या वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. टीव्ही, कॅमेरा, सगळ्यांचे फोन बहुतेक आपोआप जोडले जातात. मी नवं नाव दिलं होतं, चार दिवस शेजारच्या काकूंसकट सगळे पासवर्ड विचारत होते.

तुमचा दिवा लाल असतो की नाही ते आणि मीटरचा आकडा कळवा, मग जोडाचा प्रश्न आहे की कसं ते सांगता येईल.