पोर्ट क्रमांक मागण्याआधी

प्रश्न : आमच्या मराठी वाचनालयाची जुनी ग्रंथसूची इस्कीमध्ये (भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संगणकीय संकेतांत) आहे आणि मंडळाच्या स्मरणिका कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. जुना मजकूर पाठवला की युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य संकेतांत, परत देणारा छोटा सर्व्हर मी लिहिलाय. सध्या तो पोर्ट ७०० वर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, चालतो. देवास आणि उज्जैनच्या मंडळांनाही तो द्यायचाय. अधिकृत पोर्ट क्रमांक कसा मागायचा? पैसे लागतात का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आधी ७०० सोडा. तो ईपीपीला, म्हणजे डोमेन नावांच्या नोंदणीच्या प्रोटोकॉलला (संगणकांनी आपसात बोलायच्या नियमांना) दिलेला आहे. शिवाय १०२४ च्या खालचं पोर्ट उघडायला लिनक्सवर सहसा रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार लागतात, आणि निव्वळ मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रामच्या हाती ते देऊच नयेत.

क्रमांकांची नोंद आयाना ही संस्था ठेवते. अर्ज त्यांच्या संकेतस्थळावरच भरायचा, शुल्क काही नाही. तुम्हाला मागता येईल तो १०२४ ते ४९१५१ मधला. ४९१५२ पासून ६५५३५ पर्यंतचे कुणाच्याच नावे होत नाहीत. २०११ च्या आरएफसी ६३३५ या इंटरनेटच्या दस्तऐवजात नियम आहेत. सेवेचं नाव रोमन अक्षरं, अंक आणि जोडरेघ यांतच, जास्तीत जास्त १५ चिन्हांत बसवा. टीसीपी (बाइटांचा सलग प्रवाह पोचवणारी पद्धत) वापरत असाल तर त्यापुरताच क्रमांक मागा. सुरक्षित जोडणीसाठी दुसरा क्रमांक मिळेल अशी आशा नको, टीएलएस (जोडणीचं कूटलेखन) त्याच पोर्टावर बसवा.

अर्ज तज्ज्ञ तपासतात. हेच काम एचटीटीपीवर (वेबच्या नेहमीच्या प्रोटोकॉलवर) का होत नाही, याचं उत्तर तयार हवं. माझं स्पष्ट मत : तीन मंडळांपुरतं असेल तर क्रमांक मागूच नका. पोर्ट सेटिंगमध्ये बदलता येईल असं करा आणि ६१००० च्या पुढचा एखादा घ्या, कारण बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी लिनक्स मुळात ३२७६८ ते ६०९९९ वापरतं. तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाच्या प्रोग्रामलाही तुमची सेवा सापडायला हवी असेल, तेव्हा अर्ज करा.

त्याआधी प्रोटोकॉल कागदावर उतरवा. खरी मेहनत तिथेच आहे. इस्कीत ‘क’ म्हणजे एकच बाइट, १७९. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, तोच ‘क’ तीन बाइटांचा : २२४, १६४, १४९. टीसीपी अक्षरं ओळखत नाही. पहिले दोन बाइट आत्ता येतील, तिसरा पुढच्या खेपेला. म्हणून प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला त्याची लांबी बाइटांत सांगा आणि तेवढे आल्याशिवाय अक्षरांना हात लावू नका. लांबीला कमाल मर्यादाही घाला, नाहीतर एकच खोडसाळ विनंती सगळी मेमरी खाऊन टाकेल.

मजकूर कोणत्या रूपात आहे ते विनंतीतच लिहिलेलं हवं, सर्व्हरने अंदाज बांधू नये. इंदूरच्या छापखान्यांतल्या कितीतरी फायली मी उघडल्या आहेत. कृतिदेवमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी साठवलेली असते, ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा. जोडाक्षर आलं की वेलांटी संपूर्ण जोडाक्षरापलीकडे न्यावी लागते. आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ वेगळे राहिलेच पाहिजेत. हिंदीसाठी लिहिलेले कन्व्हर्टर इथे हमखास घसरतात, मग डोंगराच्या दऱ्यांचा समुद्र होतो. युनिकोडमध्ये ‘दऱ्या’तला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावायचा, की साध्या र नंतर हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह), ते एकदाच ठरवून दस्तऐवजात नोंदवा.

बाइट ओळखू आला नाही तर त्याजागी प्रश्नचिन्ह टाकून पुढे जाऊ नका. कितव्या बाइटला अडलं ते परत कळवा. स्मरणिकेतलं एखाद्या दिवंगत सभासदाचं नाव त्या प्रश्नचिन्हात कायमचं हरवू शकतं.

हा दस्तऐवज इंग्रजीत लिहिलात की अर्जातला वर्णनाचा भाग जवळजवळ तयार होतो. संपर्कासाठी मात्र मंडळाचा ईमेल द्या, स्वतःचा नको. पदाधिकारी बदलले तरी आयानाचं पत्र कुणाला तरी पोचायला हवं.