बाळ पोटातच का गेले?

प्रश्न : माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या सुनेचे बाळ गेल्या महिन्यात, नववा महिना लागल्यानंतर, जन्माआधीच दगावले. ती आणि तिचा नवरा वाघोलीकडे बांधकामावर मजुरी करतात. तिने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, असे घरचे तिला ऐकवतात. दवाखान्यात ‘बीपी वाढले होते, यायला उशीर झाला’ एवढेच सांगितले. गरीब घरांतच असे जास्त का घडते, आणि पुढच्या खेपेला काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, धनकवडी, पुणे

उत्तर : सर्वप्रथम त्या मुलीला माझा एवढा निरोप द्यावा, की ग्रहणात भाजी चिरल्याने बाळ दगावत नाही. बाळ गमावलेल्या आईच्या माथी हा दोष मारणे मला फार क्लेशदायक वाटते.

गर्भारपणाचे २८ आठवडे पूर्ण झाल्यानंतर बाळ मृतावस्थेत जन्मले, तर जागतिक आकडेवारीत त्याची मृतजन्म म्हणून नोंद होते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात असे सुमारे वीस लाख जन्म झाले, त्यांतले बहुसंख्य अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत. एकट्या भारतात सुमारे ३ लाख ४० हजार. पश्चिम युरोपात हजार जन्मांमागे तीनच्या आसपास मृतजन्म होतात, तर भारतात त्या वर्षी हे प्रमाण सुमारे चौदा होते.

रक्तदाब वाढला की वारेकडे, म्हणजे पोटात बाळाचे पोषण करणाऱ्या अवयवाकडे, जाणारा रक्तपुरवठा कमी पडू शकतो, बाळाची वाढ खुंटते आणि कधी वार वेळेआधीच सुटते. आईला मात्र पुष्कळदा काहीच जाणवत नाही. पायांवरची सूज ‘दिवसभर उभे राहून आली’ म्हणून सोडून दिली जाते. कामाची जागा बदलत राहणाऱ्या बायकांची माता-बाल संरक्षण कार्डे मी पाहते, तेव्हा पाचव्या महिन्यात एकदा रक्तदाब लिहिलेला असतो आणि त्यापुढचे रकाने थेट प्रसूतीपर्यंत कोरे असतात. तपासणीला जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते, हे त्या कोऱ्या रकान्यांमागचे साधे कारण आहे.

दुसरा मोठा धोका प्रत्यक्ष कळांच्या वेळचा. मृतजन्मांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक बाळे कळा सुरू झाल्यानंतर दगावतात, म्हणजे कळा सुरू होताना ती जिवंत असतात. कळांच्या काळात बाळाचे ठोके निदान दर अर्ध्या तासाने आणि आई जोर करू लागली की दर पाच मिनिटांनी ऐकावे लागतात. पण एकाच परिचारिकेकडे चार-पाच बाळंतिणी असतील तर ते कसे जमावे? त्यात मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवरून गाडी मिळून, सिझेरियनची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत मोलाचे तास निघून जातात.

मधुमेह, तीव्र रक्तक्षय आणि दोन बाळंतपणांतले अपुरे अंतर यांनीही धोका वाढतो; आफ्रिकेत त्यात मलेरियाची मोठी भर पडते. गरमी (सिफिलिस) या रोगाचे निदान रक्ताच्या साध्या तपासणीने होते आणि पेनिसिलिनने तो बरा होतो, तरीही त्यापायी बाळे जातात, याची खंत वाटते. चुलीचा धूर आणि मिश्री यांचाही मृतजन्माशी संबंध आढळला आहे. आपल्याकडे मिश्रीला कुणी तंबाखू मानत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

पुढच्या खेपेला पाळी चुकताच तपासणी करून घ्यावी आणि या बाळंतपणाचे सर्व कागद सोबत न्यावेत. रक्तदाब वाढू नये म्हणून कमी मात्रेची ॲस्पिरिन सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरू करणे योग्य ठरेल का, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून घेऊ नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. शेवटच्या तीन महिन्यांत कुशीवर झोपावे आणि बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटली, तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.

मात्र आत्ता पुढच्या खेपेपेक्षा तिच्या स्वतःच्या प्रकृतीची निकड अधिक आहे. बाळंतपणानंतरही काही आठवडे रक्तदाब चढाच राहू शकतो, आणि बाळ हाती नसल्यामुळे अशा आईला पुन्हा तपासणीला नेण्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तिचे डोके दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आजच. नाहीतर या आठवड्यात तिला जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन तिचा रक्तदाब मोजून घ्यावा.